शेवटची बोट किती वाजता? बेटावरच्या म्युझिक पार्टीला एका दिवसात जाऊन येणाऱ्यांसाठी

बेटावर पार्टी आहे म्हटलं की सगळे आधी लाईनअप बघतात, कोण डीजे येतोय, कोणाचा सेट किती वाजता, मग काय घालायचं यावर ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते हे एकही माणूस विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं. पहिल्या वेळेला आम्ही पाच जण रात्री धक्क्यावर उभे, समोरच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत, आमची बोट त्या दिव्यांच्या दिशेने बारीक बारीक होत चाललीये आणि आमच्याकडे अंगावर घ्यायला ओले टॉवेल. सकाळची पहिली बोट येईपर्यंत दातखिळी बसायची वेळ आली. दिवसभर उन्हात भाजून निघालेलं अंग रात्रीच्या वाऱ्यात किती गार पडतं ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझं प्लॅनिंग उलटं चालतं, शेवटच्या बोटीपासून सुरू करायचं आणि मागे मागे येत सकाळच्या गजरापर्यंत पोचायचं.

आधी बोटीचा हिशोब करू, कारण हा कोणी करत नाही. समजा बोटीत १०० माणसं मावतात, जाऊन येऊन एक फेरी ४० मिनिटांची, आणि पार्टी संपल्यावर १००० माणसं एकदम धक्क्यावर आली. म्हणजे दहा खेपा. पहिली लगेच सुटली तरी दहावी सुटायला ६ तास लागतात राव! दोन बोटी असल्या तरी शेवटच्या लोकांचा नंबर अडीच तीन तासांनी. म्हणून शेवटचा सेट पूर्ण ऐकून मग निवांत जाऊ हा प्लॅन फक्त कागदावर चांगला दिसतो. माझा नियम असा की शेवटच्याच्या आधीची बोट ही आपली बोट, आणि तिच्यासाठी पाऊण तास आधी धक्क्यावर. ती चुकली तर अजून एक हातात असते. शेवटचीच धरायची ठरवली आणि ती भरली तर मग काहीच नसतं.

तिकीट काढतानाच दोन प्रश्न विचारून टाका. एक, परतीचं तिकीट कुठल्याही बोटीला चालतं की ठरलेल्या वेळेच्याच. दोन, बोटी टाईमटेबलप्रमाणे थांबतात की सगळी माणसं बेटावरून निघेपर्यंत चालू राहतात. दुसऱ्याचं उत्तर 'सगळे निघेपर्यंत' असं लेखी कुठे असेल तर खुशाल शेवटपर्यंत नाचा. तोंडी असेल तर मी तरी त्याच्यावर रात्र लावणार नाही.

तसं प्रत्येक बेटाला बोट लागतेच असं पण नाही. बुडापेस्टचा सिगेट फेस्टिव्हल १९९३ पासून डॅन्यूब नदीतल्या एका बेटावर होतो (हंगेरियनमधे सिगेट म्हणजेच बेट), तिथे पूल ओलांडून चालत जाता येतं. माँट्रियलमधे २००३ पासून उन्हाळ्यातल्या रविवारी पिकनिक इलेक्ट्रॉनिक म्हणून पार्टी होते, तिथे तर बेटावर मेट्रोचं स्टेशन आहे. अशा नदीतल्या बेटांवर जायचं असेल तर पुढची अर्धी काळजी सोडून द्या. समुद्रातलं बेट असेल तर मात्र सगळं वाचा.

बेटाला मर्यादा असतात, पाण्याची, संडासांची, धक्क्याची, आणि सगळ्यात आधी तिथे राहणाऱ्या लोकांच्या सहनशक्तीची. इंग्लंडमधल्या आईल ऑफ वाईट बेटावर १९७० च्या फेस्टिव्हलला बेटाच्या स्वतःच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं लोटली, आणि १९७१ मधे ब्रिटिश संसदेने त्या बेटापुरता खास कायदा करून ५००० पेक्षा जास्त लोकांच्या रात्रभराच्या उघड्यावरच्या जमावाला लायसन्स सक्तीचं केलं. फेस्टिव्हल परत सुरू व्हायला २००२ उजाडलं. त्यामुळे बेटावर माणसं मोजून सोडतात तेव्हा चिडू नका, आणि तिकीट न काढता 'जाऊन तर बघू' करत धक्क्यावर जाऊ नका, तिथून परत पाठवतात.

आता भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती जवळपास ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून मित्र गेल्या शनिवारी जाऊन आला आणि म्हणाला की धक्क्याला बोट मस्त लागते, तर ते या शनिवारी खरं असेलच असं नाही. छोट्या धक्क्यांना ओहोटीच्या वेळी बोट लागतच नाही, मग लहान होडीतून उतरवतात किंवा गुडघाभर पाण्यातून चालायला लावतात, आणि बॅग डोक्यावर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. बेटावरच्या पार्ट्या पौर्णिमेला ठेवायची तर फॅशनच आहे (थायलंडच्या को फांगानची फुल मून पार्टी सगळ्यांना माहितीच असेल), म्हणजे चांदणं पण फुल आणि पाण्याचा चढउतार पण फुल.

यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. मच्छीमार आणि शिडाच्या होड्या चालवणारे एक ठोकताळा वापरतात, एकूण चढाचे बारा भाग करायचे, पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे मधल्या दोन तासातच निम्मं पाणी चढतं. वाळूवर चादर टाकून बसलात, तासभर पाणी जेमतेम वीतभर पुढे आलं, म्हणून बॅगा तिथेच ठेवून नाचायला गेलात, तर परत येईपर्यंत चपला तरंगत असतात, हे मी डोळ्याने बघितलंय, आणि त्यातली एक माझी होती. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची, काड्या-कचऱ्याची एक ओळ दिसते, गेल्या भरतीचं पाणी तिथवर आलं होतं असा त्याचा अर्थ. सामान त्या ओळीच्या बरंच वर ठेवा. आणि जिथे ओहोटीला बेटावर चालत जाता येतं तिथे तर हा ठोकताळा पाठच पाहिजे, पाणी घोट्यापर्यंत आलंय तोवर जाऊ पटकन असं मनात आलं की थांबा, कारण पुढची पंधरा मिनिटं आणि मागची पंधरा मिनिटं सारखी नसतात.

वारा. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, पाणी हळू तापतं, त्यामुळे दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो आणि तो दुपार उतरेपर्यंत वाढत जातो. सकाळी तळ्यासारखा शांत असलेला समुद्र चार वाजता उसळायला लागतो तो यामुळे. म्हणजे जाताना बोट लागली नाही म्हणून येताना लागणार नाही असं समजू नका, शिवाय येताना पोटात काय काय गेलेलं असतं! ज्यांना बोट लागते त्यांनी बोटीच्या मधोमध बसायचं, खालच्या डेकवर पण उघड्या हवेत, पुढच्या टोकाला अजिबात नाही, तिथे सगळ्यात जास्त वरखाली होतं. नजर दूर क्षितिजावर ठेवा, मोबाईल खिशात, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, या भांडणातूनच मळमळ सुरू होते. गोळी घ्यायची असेल तर बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी, उलटीची भावना आल्यावर घेऊन उपयोग नसतो, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, वरून दारू घेतली तर माणूस पार्टीभर झाडाखाली घोरतो. कुठली घ्यायची ते औषधाच्या दुकानात नीट विचारून घ्या.

बोटीत चढल्यावर लाईफ जॅकेट कुठे ठेवलेत ते एकदा बघून ठेवायचं, आणि बेट दिसायला लागलं की सगळे फोटोसाठी एका बाजूला धावतात ते आपण करायचं नाही. बोट एका बाजूला कलली की हसायला येतं सगळ्यांना, चालवणाऱ्याला येत नाही.

बॅग. हलकी पाहिजे, पाठीवरची पाहिजे, कारण धक्क्यावरच्या ओल्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा ड्राय बॅग, त्यात एक कोरडा टीशर्ट आणि पातळ जॅकेट, आणि ते जॅकेट सकाळच्या उन्हात कितीही मूर्खपणाचं वाटलं तरी काढून ठेवायचं नाही (वरची रात्र आठवा). पायात मागे पट्टा असलेले सँडल. पट्ट्याशिवायची चप्पल नाचताना जाते, चिखलात जाते, पाण्यात जाते. अनवाणी तर खडकांवर फिरूच नका, कालवं चिकटलेली असतात त्यांची धार ब्लेडसारखी असते आणि खाऱ्या पाण्यातली जखम लवकर भरत नाही. एक छोटी टॉर्च, कारण धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर लाईट असतीलच असं नाही, आणि त्या वेळेला मोबाईल मेलेला असतो. काचेच्या बाटल्या नकोत, बऱ्याच ठिकाणी गेटवरच काढून घेतात आणि बरोबरच करतात.

आता ऊन, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण बेटावर ऊन फक्त वरून येत नाही. कोरडी वाळू साधारण १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे टोपी घालून छत्रीत बसलात तरी हनुवटीखाली भाजतं. पातळ ढगातून पण बरेचसे किरण खाली येतात, त्यामुळे आज ढगाळ आहे हे कारण चालत नाही. वाऱ्यामुळे अंगाला गार वाटतं आणि भाजतंय हे कळतच नाही, संध्याकाळी आंघोळीचं पाणी पाठीवर पडलं की मग कळतं. फोनवर हवामान बघताना तापमानाच्या बरोबर यूव्ही इंडेक्स बघा, ३ च्या वर गेला की काळजी घ्यायची, ८ च्या वर असेल तर दुपारचे मधले तास सरळ सावलीत काढायचे.

सनस्क्रीनचं म्हणाल तर एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के भाजणारे किरण अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के, फरक एवढाच. खरा फरक पडतो किती थापता याने. पूर्ण अंगाला ३० मिली तरी लागतं, म्हणजे छोटा ग्लास भरून, आणि आपण लावतो त्याच्या पाव, मग डबीवरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. बोटीत चढायच्या आधी लावा, मग दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. कान, मानेची मागची बाजू, पायाचा वरचा भाग आणि भांग, या चार जागा हमखास राहतात. भांगाचं कोणी ऐकत नाही, मग आठवडाभर कंगवा लागला की ओरडतात. काही बेटांवर ऑक्सीबेन्झोन असलेली क्रीम प्रवाळासाठी बंद आहेत, हवाईत २०२१ पासून विकायलाच बंदी आहे, तेव्हा पाठीमागचं लेबल वाचून घ्या. सगळ्यात भारी उपाय म्हणजे लांब बाह्यांचा सैल शर्ट, तो दर दोन तासांनी लावावा लागत नाही.

पाणी प्या हे सगळेच सांगतात पण नुसतं पाणी लिटरवर लिटर ढोसणं हा पण एक घोळ आहे. उन्हात तासनतास नाचताना घामातून मीठ जातं, वरून फक्त साधं पाणी भरमसाठ प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो अजून पितो. म्हणून तहान लागेल तसं प्यायचं, मधे मधे खारट काहीतरी खायचं, आणि ओआरएसच्या दोन पुड्या बॅगेत टाकायच्या, वजन काहीच नसतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दारू लघवी वाढवते आणि पाणी बाहेर काढते, दोन ग्लासांच्या मधे एक ग्लास पाणी हा जुना नियम जुना आहे कारण तो चालतो.

एक गोष्ट ओळखता आलीच पाहिजे. कोणी घामाघूम आहे, चक्कर येतेय, पायात गोळे येतायत, पण नीट बोलतोय, तर त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, घोट घोट ओआरएस. पण बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, कुठे आहे ते कळत नाहीये, किंवा अंग तापून कोसळलाच, तर तो उष्माघात असू शकतो, शरीराचं तापमान ४० डिग्रीच्या वर गेलेलं असतं, आणि 'जास्त झालीये त्याला, झोपू दे' म्हणून सोडून दिलं तर जीव जाऊ शकतो. लगेच मेडिकल टेंटमधून कोणाला तरी बोलवा, ते येईपर्यंत कपडे सैल करून अंगभर पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. बेटावर अँब्युलन्स दारात येत नाही, बोटच यावी लागते, म्हणून पोचल्या पोचल्या मेडिकल टेंट कुठे आहे ते बघून ठेवायचं, स्टेजच्या आधी.

आता ज्याच्यासाठी जातोय ते, आवाज. नवीन माणूस सरळ स्पीकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो. तिथे आवाज मोठा असतो, चांगला नसतो. चांगला आवाज ऐकायचा असेल तर साउंडवाला जिथे मिक्सर घेऊन बसलाय तो तंबू शोधा आणि त्याच्या थोडं पुढे उभे राहा, कारण तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटतं तेच सगळ्यांना ऐकवत असतो. उघड्यावर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परत फिरून येत नाही, छोट्या स्पीकरच्या बाबतीत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. मोठ्या लटकवलेल्या स्पीकरच्या माळा असतात तिथे एवढा पटकन पडत नाही. बेस कुठेतरी धडधडतो आणि दोन पावलं बाजूला गेलं की गायब होतो, तो भास नाही, ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर असते आणि दोन सब-वूफरच्या (नुसत्या बेसच्या स्पीकरच्या) लाटा काही ठिकाणी एकमेकींना मारतात. जागा बदलून बघा, फुकट आहे.

कानांचा हिशोब मात्र कडक आहे. ८५ डेसिबल ८ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मधे अशा कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सांगितली ती १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे, आणि दिवसभराच्या पार्टीत आपण तिथे सहा सात तास असतो! म्हणून इअरप्लग. फोमचे असतात ते वरचे सूर खातात, गाणं उशीखालून आल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा गाणी ऐकायसाठी बनवलेले फिल्टरवाले घ्या, त्यात सगळं सारखंच कमी होतं आणि शेजारच्याचं बोलणं उलट जास्त स्पष्ट कळतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना डोक्यावरून लावायचे इअरमफ, आणि ते नको म्हणून रडत असतील तर मुलांना घेऊन लांब बसायचं, दुसरा पर्याय नाही. दर तासाला पंधरा मिनिटं स्टेजपासून दूर पाण्याकडे जाऊन बसा, मी तर ती वेळ सनस्क्रीनला जोडून टाकलीये, दोन्ही लक्षात राहतं.

तुम्हाला वाटेल बेटावर पार्टी ठेवतात म्हणजे कोणाला त्रास नाही, रात्रभर चालू दे. तसं नसतं. पाणी गार आणि त्याच्या वरची हवा गरम असेल तर आवाज वर जाण्याऐवजी खाली वाकतो आणि पाण्यावरून लांबपर्यंत जातो, समोरच्या गावातल्या माणसाला त्याच्या खिडकीत बेस ऐकू येतो. म्हणून बेटावरच्या पार्ट्या बऱ्याचदा लवकर बंद कराव्या लागतात आणि बोटी पण त्याच हिशोबाने लावतात.

याच कारणासाठी आपला स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाऊ नका, दोन गाण्यांची खिचडी कोणालाच नको असते. पार्टी नसलेल्या बेटावर आपला आपला ग्रुप जातोय आणि तिथे परवानगी आहे, तर ठीक, पण दुप्पट वॅटचा स्पीकर आणला की आवाज दुप्पट होईल असं समजून पैसे घालवू नका, दुप्पट वॅटने फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा आहे तोच स्पीकर माणसांच्या जवळ आणि वाऱ्याच्या बाजूला ठेवा म्हणजे वारा आवाज तुमच्याकडे घेऊन येईल. पक्ष्यांची घरटी असलेल्या भागात तर गाणी लावूच नका, उन्हाळा हा बऱ्याच समुद्रपक्ष्यांचा पिल्लांचा काळ असतो, माणसं आली की आईबाप उडून जातात आणि पिल्लं उन्हात उघडी पडतात.

मोबाईल पटकन. बेटावर एका टॉवरवर हजारो माणसं, त्यामुळे नेटवर्क दिसतं पण चालत नाही. तिकिटाचे स्क्रीनशॉट, बोटींचं टाईमटेबल, भरतीचं कोष्टक, ऑफलाईन मॅप, सगळं घरूनच उतरवून घ्या. सिग्नल शोधण्यात बॅटरी जाते म्हणून एअरप्लेन मोड. मोठ्या फेरी बोटीवर जहाजाचं स्वतःचं सॅटेलाईट नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटला तर बिल बघून घाम फुटतो, एअरप्लेन मोड तिथेही कामाला येतो. आयपी६८ लिहिलेला फोन पाण्यात चालतो हे खरं, पण ती टेस्ट गोड्या पाण्यातली असते, खारं पाणी गेलं तर आधी गोड्या पाण्याने हलकं धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. थोडी रोख पण ठेवा, कार्डाच्या मशीनला पण नेटवर्कच लागतं.

फोन चालणार नाही हे धरूनच ग्रुपचं ठरवायचं. भेटायची एक जागा आणि एक वेळ, दर दोन तासांनी, जागा अशी की जी हलत नाही, 'त्या निळ्या छत्रीपाशी' असं नाही, छत्री मालक घेऊन जातो. आणि बोटीच्या वेळेबाबत एक गोष्ट आधीच स्पष्ट बोलून घ्या, कोणी आलं नाही तर बाकीच्यांनी बोट सोडायची की नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण हे ठरलेलं नसलं की पाच जण एकासाठी थांबतात आणि तो एक आधीच्या बोटीने गेलेला असतो. हो, आमचं तसंच झालं होतं! आम्ही पाच जण कुडकुडत होतो आणि सहावा घरी पंख्याखाली झोपला होता.

पोहायचं असेल तर सकाळी, प्यायच्या आधी, आणि जिथे लोकल लोक पोहतायत तिथेच. दोन बेटांच्या मधल्या किंवा बेट आणि किनाऱ्याच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात भरती-ओहोटीच्या मधल्या तासांना ओढ जबरदस्त असते, 'समोर तर दिसतंय' म्हणून पोहत जायची पैज लावणारा प्रत्येक ग्रुपमधे एक असतो, त्याला आवरा. लाटांमधून मागे खेचणारा प्रवाह लागला तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, त्यात दम संपतो, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं आणि मग आत यायचं, दमलात तर पाठीवर तरंगून हात हलवायचा. खोली न बघता धक्क्यावरून उडी नाही, सकाळी खोल असलेलं पाणी दुपारी कमरेएवढं असतं, आता का ते तुम्हाला माहितीये.

निघताना आपला कचरा आपल्या बॅगेत. बेटावर कचऱ्याची गाडी येत नाही, तो पण आपल्यासारखाच बोटीनेच परत जातो, आणि बोटीत जागा नसेल तर तिथेच जळतो किंवा वाऱ्याने पाण्यात जातो. सिगरेटची थोटकं एका छोट्या डबीत, उन्हाळ्यात बेटावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि आग लागली तर पळायला फक्त पाणीच असतं.

परतीच्या बोटीत मागच्या बाजूला, मधोमध जागा पकडा, कोरडा टीशर्ट घाला, जॅकेट चढवा. कानात थोडं गुणगुण वाजत असेल, दिवसभरात जायला पाहिजे, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी पण राहिलं तर कानाच्या डॉक्टरकडे जा, टाळू नका. घरी आल्यावर झोपायच्या आधी सँडल आणि बॅगेच्या चेन गोड्या पाण्याखाली धरा, मिठाने चेन एका रात्रीत पकडते. मग आडवे व्हा, पलंग बोटीसारखा हलायला लागेल, एक पाय जमिनीला टेकवून झोपलं की मला तरी बरं वाटतं.